पंख्याच्या रेषेतली खुर्ची

नाही हो मॅडम, काहीतरी गफलत आहे, कानाची ही टेस्ट परत लावा — विसातली अठरा वाक्यं बरोबर? माझी? अहो, छापखान्यात तीस वर्षं मशीनशेजारी काढलीत, कान शाबूत राहतील कसे? मघाशी बोलणारा माणूस आणि बाजाराचा गलका दोन्ही समोरच्याच स्पीकरमधून येत होते, तेव्हा मला कळलं का काही? ओ की ठो नाही. तुम्ही गलका उचलून डाव्या कोपऱ्यातल्या स्पीकरवर टाकलात, त्याचं बोलणं लख्ख ऐकू आलं आणि घात झाला. पहिल्या वेळी काही कळलं नाही, तेवढंच लिहा ना — हसू नका, बाहेर बाकावर आमची ही बसलीय, आणि तिनं सांगून टाकलंय, कान बिघडले असतील तर राहते, धड असतील तर कायमची बहिणीकडे चालले.

आणि खोटं नाही बोलत मी, घरी खरंच ऐकू येत नाही. स्वयंपाकघरात ही टेबलाशी भाजी चिरत उभी, तिच्या मागे भिंतीत धूर ओढणारा पंखा, आणि माझी खुर्ची बरोब्बर समोर — तिचं बोलणं आणि पंख्याची घरघर एकाच रेषेत, काय समजणार? खुर्ची दोन हात बाजूला घेतली की पंखा एकीकडे, ही एकीकडे, शब्दन् शब्द लख्ख. कसं कळलं? — दोन वर्षांपूर्वी रंगारी आले होते, त्यांनी सरकवली. त्या संध्याकाळी ही म्हणत होती, माझी आई गेली तेव्हा तुम्ही नुसतं ‘बस जरा’ म्हणाला असतात तरी चाललं असतं. मी काय केलं? पेपर वाचला. दुसऱ्या दिवशी खुर्ची होती तिथे नेऊन ठेवली — ऐकलं म्हणजे उत्तर द्यावं लागतं ना मॅडम, आणि माझ्याकडे नव्हतं. लाज वाटते सांगायला.

तर लिहा, बिघडलेत म्हणून. तुमचं काय जातंय? — काय? आधीच सांगून गेलीय? कोण, ही? मला आत घ्यायच्या आधी? आणि काय लिहा म्हणाली — काहीही निघालं तरी बिघडलेत असंच लिहा?

म्हणजे कान धड आहेत हे तिला ठाऊक होतं. तरी दोन वर्षं रोज ती माझ्याशीच बोलत होती, आणि मी —

बंद करा ते मशीन. नको, कागद राहू दे. बाजूला व्हा जरा, मला बाहेर जाऊ द्या.