तपासणीत न बसलेला

— नाही, तिथे नको, तो ग्रीसचा डबा आहे, कपडे जातील. या खोक्यावर बसा. सात मजले चढून आलात ना, मग धाप लागणारच. लिफ्ट मीच बंद ठेवलीय, ब्रेक उघडलाय, तासभर तरी कुणी वर येत नाही की खाली जात नाही. पाणी त्या बाटलीत आहे, प्या. डॉक्टर असून जिना चढवत नाही — बरं, राहू दे. तर तुम्ही त्या यकृत बदलणाऱ्या हॉस्पिटलातल्या. संशोधन करताय. कशावर म्हणालात? ज्यांनी यकृत दिलं त्यांच्यावर नाही, जे द्यायला गेले आणि ज्यांचं घेतलं नाही त्यांच्यावर. म्हणजे नापासांवर. वा. पास झालेल्यांवर लिहून संपलं असणार, आता आमचा नंबर. तुमच्या नावापुढे आणखी दोन अक्षरं लागतील, मला काय लागणार — ग्रीस. विचारा, विचारा. हात चालू राहतील माझे, तोंड मोकळंच आहे.

नऊ वर्षं झाली. धाकटा भाऊ माझा. डोळे पिवळे झाले, मग अंग पिवळं, मग पोट असं फुगलं की शर्टाची बटणं लागेनात. दर आठवड्याला सुई खुपसून पाणी काढायचे, बादली भरून. तुमचे मोठे सर म्हणाले, यकृत गेलं, नवीन हवं, घरातल्या कुणाचं तरी अर्धंअधिक कापून याला लावायचं. आणि घरात रक्तगट जुळणारी माणसं दोनच — मी आणि त्याची बायको. आता बायको म्हणजे कशी, तर पन्नास किलोचा जीव, जोराचा वारा आला तर दार धरून उभी राहील. आणि मी — बघताय ना. तेव्हा तर आणखी होतो. लिफ्टच्या अकरा मजली खड्ड्यात एका पट्ट्यावर लोंबकळून काम केलंय मी, खाली काळोख, वर काळोख, तोंडात टॉर्च. त्यामुळे घरात कुणी मला विचारलंसुद्धा नाही. सगळे बसले होते, मी म्हटलं, ‘मी देतो.’ झालं. आईनं चार माणसांदेखत डोक्यावरून हात फिरवला. पन्नाशीला आलेल्या माणसाच्या. धाकटा रडला. त्याची बायको तेवढी काही बोलली नाही, चहाचे कप गोळा करून आत गेली. तिला कधी बोलायला येतच नाही म्हणा. भिंत बोलेल एखाद वेळेस.

मग तुमच्या हॉस्पिटलाच्या फेऱ्या. रक्त घे, फोटो काढ, त्या नळीत झोपव, श्वास धरा, श्वास सोडा. आणि काय माणसं ठेवलीत तुम्ही तिथे — एक जण होता, शिकाऊ सर्जन, चेहऱ्यावर धड मिशी नाही. मला ऑपरेशन समजावून सांगायला पाठवलेला. समोर खुर्चीत बसला आणि खिशातून काळा दोरा काढून खुर्चीच्या हाताला गाठी मारायला लागला. बोलतोय माझ्याशी, बघतोय माझ्याकडे, आणि खाली एका हातानं गाठ, गाठ, गाठ. ‘साधारण साठ टक्के काढतो, तीनेक महिन्यांत भरून येतं’ — गाठ. ‘दाता दगावण्याची शक्यता फारच कमी, दोनशे-तीनशेत एखादा’ — गाठ. म्हटलं हे काय चाललंय? म्हणे, ‘सराव. सरांनी रोज दोनशे सांगितल्यात.’ त्या खुर्चीच्या हाताला झालर लोंबत होती, बाई, काळी झालर. म्हटलं, मला तुम्ही कापणार का? म्हणे, ‘छे, सर कापणार, मी फक्त मदतीला.’ आणि आधी कशावर शिकलात? तर म्हणे डुकराच्या यकृतावर, आणि रबराच्या नळ्यांवर. असं तोंड वर करून सांगितलं, लाज नाही. आमच्या धंद्यात चार वर्षं होईपर्यंत मी कुणाला ब्रेकला हात लावू देत नाही. पाना पुसायचा आणि बघायचं. आणि तुमच्याकडे माणूस टेबलावर उघडा पडलाय आणि भोवती हे गाठीवाले. संशोधन यावर करा, आमच्यावर कसलं करता.

काय? हां, मग काय, तपासणीत बसलो नाही. यकृतावर चरबी निघाली. झालं, संपलं, घरी जा. तुमचं शास्त्र हे असं — चार आठवडे माणसाचं रक्त प्यायचं आणि शेवटी चरबी. शिवाय त्या आतल्या एका रक्तवाहिनीचा रस्ता माझा वेगळाच होता म्हणे. — आधी चरबी म्हणालो? मग दोन्ही होतं. दोन्ही असू शकत नाही का? तुम्ही डॉक्टर आहात, तुम्हाला ठाऊक.

आणि त्यानंतर माझं काय झालं हे लिहायला तुमच्या कागदावर जागा आहे का? बघा असली तर. घरच्यांनी एवढंच धरलं की माझंही यकृत खराब. हॉस्पिटलवाले काही सांगेनात, गुप्त असतं म्हणे, मग घरच्यांनी आपापलं ठरवलं. त्या दिवसापासून माझ्या ताटात उकडलेला दुधी. नऊ वर्षं. बिनतेलाचं, बिनतिखटाचं, नुसतं मीठ दाखवलेलं. आमची ही डबा देते त्यात वास घ्यायला काही सापडत नाही. आणि धाकटा, ज्याचं यकृत सडलं होतं तो, माझ्यासमोर बसून तळलेलं खातो आणि वर मला विचारतो, ‘दादा, तब्येत कशी आहे? रक्त तपासलंस का?’ सहा महिन्यांनी स्वतः हाताला धरून नेतो तपासायला. रिपोर्ट चांगला आला की डोळ्यांत पाणी आणतो, म्हणतो पथ्य सांभाळलंस म्हणून. असला बावळट माणूस. अक्कल कशी ती नाही, पहिल्यापासून नाही, शाळेत माझी पाटी पुसायचा आणि स्वतःची विसरायचा.

हसू नका. नाही, हसलात तुम्ही.

मग अर्थात तिनं दिलं. धाकटीनं. दुसरं होतं कोण? ती पन्नास किलोची, तिचा तुकडा तो केवढा असणार — तुमचे सर आकडेमोड करत बसले, पुरेल की नाही, काठावर होतं म्हणे. शेवटी कापलंच. धाकट्याला ते पुरेना, दोन महिने तो हॉस्पिटलात पिवळाच राहिला, पाणी होतच राहिलं, आम्ही रोज जाऊन त्याचे डोळे बघायचो. आणि तिचं पित्त आतल्या आत गळायला लागलं. पोटातून नळी काढली, नळीला पिशवी. पाच आठवडे ती पिशवी शालीखाली धरून नवऱ्याच्या खोलीपर्यंत चालत जायची. भिंतीला धरून. मी एकदा समोर आलो, तर म्हणाली, ‘तुम्ही जेवलात का?’ मी म्हटलं हो. पुढच्या वर्षी टाके उसवून पोट बाहेर आलं, पुन्हा ऑपरेशन, जाळी बसवली. मोठी बादली उचलता येत नाही तिला आता. एवढं कशाला सांगतोय मी — हां, तुमच्या कामाचा दर्जा सांगतोय. माझं घेतलं असतं तर दुप्पट मिळालं असतं, धाकटा पंधरा दिवसांत घरी आला असता. पण तुमची चरबी आडवी आली ना.

त्या फाइलमध्ये काय लिहिलंय माझ्या नावापुढे? नाही, दाखवा. हात काढा. — हात ठेवलात म्हणजे लिहिलेलं आहे. म्हणजे खालून वर यायच्या आधीच ठाऊक होतं तुम्हाला, आणि मी इथे चरबीचं पुराण सांगतोय, तुम्ही मान हलवताय. भले. हेच शिकवतात वाटतं.

मग लिहून घ्या नीट. एक बाई होत्या तुमच्याकडे, समुपदेशक. ऑपरेशनच्या चार दिवस आधी मला एकट्याला खोलीत बोलावलं. छोटी खोली, टेबलावर कागदी रुमालांचा डबा, लोकांनी रडायचं ठरवूनच ठेवलेला. म्हणाल्या, ‘तुमच्या मनात थोडी जरी शंका असेल तर आत्ता सांगा. घरच्यांना कारण कळणार नाही. आम्ही एवढंच सांगू की तपासणीत बसत नाही.’ मी काही ठरवून गेलो नव्हतो. खरंच नव्हतो. पण त्यांनी दार उघडून ठेवलं, बाई. दार कुणी उघडून ठेवलं की माणसाचं लक्ष जातंच. मला खुर्चीची ती झालर दिसायला लागली. दोनशेतला एखादा म्हणजे मीच, असं वाटायला लागलं. तीन वेळा विचारलं त्यांनी, द्यायचं नाही हे नक्की का, आणि मी तिन्ही वेळा रुमालांच्या डब्याकडे बघून मान हलवली. त्या चिडल्या असत्या तरी चाललं असतं. ‘ठीक आहे,’ म्हणाल्या, ‘यात काही चुकीचं नाही,’ आणि पेनचं टोपण लावलं. बाहेर आलो तर बाकावर ती बसलेली, धाकटी, मांडीवर डबा घेऊन. तिला म्हटलं, मी बसत नाही म्हणतात. ती उठली आणि आत गेली रक्त द्यायला. तेव्हाच्या तेव्हा.

आता बोला. लिहा, भ्याला म्हणून. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते तुमच्यासमोर बोलत नाही. पण एक लक्षात ठेवा, मीच एकटा नसणार, तुमच्या फाइलमध्ये चरबीवाले ढिगानं असतील, म्हणून तर आलात. आणि त्या बाईंनी ही सोय फक्त मलाच —

थांबा. ती खोली सगळ्यांनाच असते? म्हणजे जो जो द्यायला येतो त्या प्रत्येकाला एकट्याला बोलावतात? आणि तेच सांगतात? हेच शब्द, की आम्ही घरी असं असं सांगू? — नियमच आहे. प्रत्येकाला.

तिलाही.

म्हणजे मी बाकापाशी येऊन बोललो आणि त्यानंतर दोन-चार दिवसांत ती त्याच खुर्चीत बसली, आणि तिला सांगितलं की तुम्हाला नको असेल तर आम्ही काय सांगू. आणि तिनं ते ऐकलं. आणि तिला कळलं. कळणारच, बोलत नाही म्हणून डोकं नाही असं थोडंच आहे. आणि ती तरी हो म्हणून आली. आणि मग पाच आठवडे ती पिशवी धरून — जेवलात का, म्हणून —

दोन वर्षांपूर्वी वर्कशॉपच्या मागच्या गल्लीत गाडीवर उभा राहून मी तळलेलं खात होतो. चोरून, मान खाली घालून, बोटं तेलानं माखलेली. वर बघतो तर समोर ती, हातात भाजीची पिशवी. हातातलं लपवायला जागा नाही. तिनं बघितलं. म्हणाली, ‘सावकाश, दादा, गरम आहे.’ आणि गेली. घरी कुणाला बोलली नाही. मी चार दिवस वाट बघितली, नाही बोलली. मी आपलं समजलो, भोळी आहे, तिच्या लक्षात आलं नाही. आमच्या हिला मी सांगितलंसुद्धा, धाकटीला काही म्हणता काही कळत नाही. हसलो होतो मी.

काय विचारताय? पुढचा प्रश्न? ‘निर्णयाचा कौटुंबिक संबंधांवर परिणाम’ — एक ते पाचमध्ये आकडा द्यायचा?

उठा. वही मिटा आणि जा.