मामीने वाजवलेला ढोल

केलेरा : माफीची चटई पुढे ठेवायची, मान खाली घालायची, चार शब्द बोलायचे. एवढंच, मामी. संध्याकाळच्या आत मिटून जाईल.

उलामिला : कुठले चार शब्द? जमीन हलली, मी ढोल वाजवला, चुकलं माझं?

केलेरा : बाईने गावच्या ढोलाला हात लावायचा नसतो, मी लावला. असं.

उलामिला : तूच ना गं ती? मागच्या खेपेला याच चुलीपाशी बसून शिकवत होतीस. मोठा हादरा बसला की फोनची वाट बघू नका, कुणाला विचारू नका, गाव उठवा आणि टेकडी गाठा. सगळ्या बायकांकडून घोकून घेतलंस.

केलेरा : घेतलं. टोंगात, वानुआतूत, जाईन तिथे तेच घोकून घेते. आणि आज सुवाहून बोटीने आले ती तुला माफी माग म्हणायला. मला काय गोड लागतंय होय?

आपिसाई : हळू बोला दोघी. ढोल सांभाळणाऱ्या एरोनीची माणसं सभेसाठी हॉल झाडतायत. सगळं ऐकू जातं.

उलामिला : जाऊ दे.

आपिसाई : तुझं काय जातंय? गावप्रमुख मी आहे. परवापासून यांगोना पिण्याच्या बैठकीत वाटी माझ्यासमोरून पुढच्याच्या हातात जाते. प्रमुखाला वगळून!

उलामिला : आणि परवा पहाटे कुठे होता प्रमुख? सगळे गडी होड्या घेऊन मासेमारीला. गावात कोण? आम्ही, पोरं, आणि मोसेसे भावोजींसारखे म्हातारे. भांडी फळीवरून खाली आली हो. उभं राहता येत नव्हतं मला.

आपिसाई : हादरा नव्हता असं मी म्हणतोय का? लाट आली असती तर कुणी ब्र काढला नसता. पण नाही आली. सगळं गाव वर चिखलात भिजत बसलं आणि खाली समुद्र आपला गुमान. त्यात माझ्या भावाचा, मोसेसेचा, पाय मोडला तो मोडलाच.

उलामिला : मग काय, लाट यायला हवी होती?

आपिसाई : तसं म्हटलं का मी?

केलेरा : मामा, मामी, ऐका. रातूंचा, टापूच्या सरदारांचा, निरोप आलाय मला. आपल्या घरच्या बाईला ताळ्यावर आणता येत नसेल तर तुमचं शिकवणं आमच्या टापूत नको, म्हणालेत. मामी, त्यांच्या हाताखाली नऊ गावं आहेत. वादळ येतंय हे तिथल्या बायकांना अजून नवऱ्याला सांगायचं आठवलं तरच कळतं. मला इथून काढलं तर त्यांच्यापर्यंत कोण जाणार?

उलामिला : म्हणजे त्यांच्यासाठी मी मान खाली घालायची. मग तू तिकडे जाऊन सांगणार, बायांनो, मान वर करा.

आपिसाई : बोल ना आता. दे उत्तर मामीला.

केलेरा : हो. अगदी तेच सांगणार.

आपिसाई : मग आणखी एक ऐकून घ्या. तुम्हा दोघींना कुणी सांगितलेलं नाही, पण एरोनी आज सभेत काढणार आहे. उलामिला, तू वाजवलास तो ठोका कसला होता?

उलामिला : कसला म्हणजे? होता तेवढा जोर लावून वाजवला. लोक उठावेत म्हणून.

आपिसाई : एक संथ, मग जोडून दोन. परत एक संथ, जोडून दोन. मयताचा ठोका तो. निम्मं गाव आधी टेकडीकडे गेलंच नाही, चर्चकडे गेलं. कोण वारलं बघायला. लाट असती तर चर्चच्या दारातच गाठलं असतं त्यांना. मोसेसेही तिकडेच गेला होता. चूक कळल्यावर अंधारात टेकडीकडे पळत सुटला, म्हणून घसरला.

उलामिला : मयताचा?

आपिसाई : हो.

उलामिला : बाबा गेले तेव्हा मी ढोलाच्या शेजारीच उभी होते. हाताला तोच आठवला असेल. दुसरा मला येतोय कुठे?

केलेरा : आणि मी विचारलंही नाही. पुरुषांची बैठक वेगळी घेतली, बायकांची वेगळी. बायकांना म्हटलं, गाव उठवा. कशाने उठवणार, येतं का तुम्हाला, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आपिसाई : विचारून काय झालं असतं? ढोल मुलग्यांनाच शिकवतात.

केलेरा : मग आज मीच मागते. मी या गावची भाची आहे. भाचीने मागितलेलं मामाच्या गावाला नाही म्हणता येत नाही. सभेत उभी राहते आणि मामीसाठी ढोल मागते.

आपिसाई : डोकं ठिकाणावर आहे का? भाच्यांनी डुक्कर मागितलंय, होडी मागितलीय. ढोल कुणी मागितलेला नाही.

केलेरा : पण द्यावा लागेल ना?

आपिसाई : लागेल. आणि नंतर या गावात तुझं तोंड कुणी बघणार नाही.

केलेरा : नका बघू.

उलामिला : केलेरा, तू मागायचा नाहीस.

केलेरा : अगं, तुझ्यासाठीच तर—

उलामिला : तू मागितलास तर तो तुझा ढोल. तू बोटीत बसून जाशील. मग मी वाजवला की लोक म्हणतील, भाचीचा हट्ट वाजतोय, आणि कूस बदलून झोपतील. आज तू सभेत तोंडच उघडायचं नाही. कबूल?

केलेरा : आणि तू काय बोलणार आहेस?

उलामिला : माझं मलाच कळलेलं नाही अजून. अहो, ती नवी चटई काढा वरून.

(सभेनंतर. अंधारून आलंय. तिघं पुन्हा त्याच चुलीपाशी.)

केलेरा : मामी, कसावा तरी खा थोडा.

उलामिला : मोसेसे भावोजींच्या लायसानी वहिनींनी चटई घेतली ना? माझे डोळे भरले होते, काही दिसलं नाही मला.

आपिसाई : घेतली. दोन्ही हातांनी घेतली. नवऱ्याच्या पायाची माफी होती, ती तिने पदरात घेतली. मग एरोनी म्हणाला, आता ढोलाची माग. आणि ही बया म्हणते, ढोलाची नाही मागणार. चुकीचा ठोका वाजवला, बरोबर कुठला ते शिकवा!

केलेरा : बाईला शिकवेल त्याने आमच्यात बसू नये, असं एरोनी म्हणाला तेव्हा तुम्ही उठलात, मामा. मला वाटलं, चाललात बाहेर.

आपिसाई : चाललोच होतो.

उलामिला : खरंच?

आपिसाई : खोटं कशाला सांगू? सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. दारापर्यंत गेलो. दाराशी बायका बसलेल्या, त्यात लायसानी वहिनी, मांडीवर तुझी चटई. माझा सदरा धरून म्हणाली, आपिसाई भावोजी, मलाही शिकवा. नवरा दवाखान्यात, आणि ही मला शिकवा म्हणते. मग कसा जाणार बाहेर? वळलो आणि म्हणालो, मी शिकवतो.

उलामिला : निम्मे पुरुष उठून गेले.

आपिसाई : माझा सख्खा चुलतभाऊ गेला. येईल. नाहीतर नाही येणार.

केलेरा : आणि रातूंना मी काय सांगू?

उलामिला : झालं ते सांग.

केलेरा : काढतील मला.

उलामिला : काढतीलही.

केलेरा : जरा धीर तरी द्यावा गं माणसाने!

उलामिला : खोटा देऊ? कामाला नाही आलीस तर मामाकडे म्हणून ये. चुलीपाशी बसायला कुणाची परवानगी लागत नाही. त्या नऊ गावांत आमच्या माहेरवाशिणी आहेत, त्या येतात-जातात, त्यांना शिकव.

आपिसाई : अगं, सांगायचं राहिलंच. आत्ता हॉलमधून निघताना मोसेसेचा फोन आला. पायात सळी घातलीय. आज कुठे धड शुद्धीवर आलाय.

उलामिला : रागावलेत का माझ्यावर?

आपिसाई : तुझं नावही नाही काढलं. पहिलं काय विचारलं माहितीये? घरं किती राहिली?

केलेरा : घरं?

आपिसाई : टेकडीवर पडला तो बेशुद्धच. तसाच बोटीत घातला आपण. लाट आली नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

उलामिला : मग तुम्ही काय म्हणालात?

आपिसाई : म्हटलं, सगळी आहेत.

उलामिला : आणि ते?

आपिसाई : रडत होता. बराच वेळ.