बरणीच्या काठावरचं पाणी

नाही, तुम्हीच सांगा, बरणीच्या काठावर पाणी घालायला माणसाला असा कितीसा वेळ लागतो? किटली उचलायची, काठाच्या खोबणीत ओतायची, झाकण पाण्यात बुडलं की झालं, आत वारा जायला नको, बस्स, एवढंसं काम... आणि तेवढ्यासाठी मी, चोपन्न वर्षांचा, झिगोंगचा नावाजलेला आचारी, टीव्हीवर झळकलेला, भर दुपारी बसथांब्यावर किटली घेऊन उभा! हसू नका हो. बसला वेळ आहे, ऐका.

तो कार्यक्रम बघितलात ना, 'दोन मित्र आणि मिरची'? त्यातला तो बारका, टकला, सारखा घाम पुसणारा, तो मी, देंग. आणि तो जाडा, मिरच्यांचं ताट आलं की भाऊ भेटल्यासारखा धावत सुटणारा, तो फेई. दोघांनी तिखट खात गावोगाव हिंडायचं आणि कॅमेऱ्यासमोर बोलायचं. हुनानमध्ये माशाचं डोकं मिरच्यांच्या गादीवर निजवून आणलं, तर फेईनं आधी गादीच संपवली. ग्वेजौमध्ये आंबट-तिखट रश्श्यानं माझे कान बंद झाले ते दोन दिवस उघडेनात. आणि आमची दिग्दर्शिका, रुआन मॅडम, शांघायची पोरगी, प्रत्येक तुकडा गरम पाण्यात धुऊन खायची. धुऊन! आमच्या डोळ्यांदेखत! आणि वर आम्हालाच म्हणायची, "देंग सर, जरा आणखी तिखट लागल्यासारखं करा ना." अगं बाई, करा काय करा? लागतंय!

बरं, ते राहू द्या. मूळ दुखणं वेगळंच. मूळ दुखणं म्हणजे खार. लोणच्याच्या बरणीतलं ते जुनं पाणी हो, ज्यात मिरची-आलं मुरतं. तुमच्याही घरी असेल, पण आमच्या वस्तादांचा खार म्हणजे... काय सांगू तुम्हाला! त्यांच्या आजीचा खार. त्यातली मिरची जिभेवर आधी जाळ करायची आणि मग मागून हळूच कुणीतरी पाठीवरून हात फिरवल्यासारखं वाटायचं. वस्ताद तांग यांच्या स्वयंपाकघरात मी आणि फेई एकाच आठवड्यात लागलो, सतराव्या वर्षी, एका फळीवर झोपायचो, पांघरूण एकच, थंडीत रात्रभर ओढाओढ. अकरा वर्षांनी आपापलं हॉटेल काढायला निघालो तेव्हा वस्तादांनी बरणी उघडली आणि दोघांना अर्धा-अर्धा घडा खार दिला. आणि म्हणाले, "भांडणार तुम्ही, मला ठाऊक आहे. खुशाल भांडा. पण एकाचा खार मेला, तर दुसऱ्याच्या दारात जायचं आणि वाटीभर मागून आणायचा. लाजायचं नाही. म्हणून तर दोघांना देतोय."

लाजायचं नाही, म्हणाले! आता ऐका आमचे दिवे.

नऊ वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणाला चेंगदूला गेलो. अकरा दिवस. हॉटेल बंद, उन्हाळा रणरणता. परत येऊन बघतो तर काठावरचं पाणी आटलेलं, आणि आत... आमच्याकडे म्हणतात, बरणीला फुलं आली. ऐकायला किती गोड, नाही? पांढरी साय हो, मढ्यावर चादर टाकतात तशी! कडक दारू ओतली, मीठ ओतलं, बरणीला मिठी मारून बसलो, बायको म्हणाली, "अहो, डॉक्टर बोलावू का?" गेला. वस्तादांच्या आजीपासूनचा खार माझ्या हातात गेला! पण खरं सांगू? मी घाबरलो नाही. का घाबरू? मला वाटलं, फेईकडे आहे! मंडईतल्या वेनबाईच्या ठेल्यावरून वेळ निभवायला भांडंभर खार आणला, म्हटलं पुढच्या महिन्यात फेईकडे जाऊ. पण त्याच महिन्यात फेई माझ्या हातच्या सशाच्या मटणाला चारचौघांत 'रबर' म्हणाला. आता रबर म्हणणाऱ्याच्या दारात वाटी घेऊन जायचं? जाऊ की सावकाश, खार कुठं पळून जातोय, फेईकडे आहे!

वस्ताद तेव्हा होते बरं का. शेवटच्या वर्षी काठी टेकत माझ्याकडे आले, वेनबाईच्या खारातल्या मिरचीचा मासा खाल्ला, जेवायच्या काड्या खाली ठेवल्या आणि म्हणाले, "छान आहे." उभ्या जन्मात कधी छान म्हणाले नव्हते! मी मूर्ख, फुशारून बायकोला सांगितलं. दारात वळून म्हणाले, "देंग, फेई भेटतो का रे?" म्हटलं, भेटतो की. "भेटत जा," म्हणाले. कळलं होतं हो त्यांना, पहिल्या घासाला कळलं होतं, आणि मला वाटलं, म्हातारा हळवा झालाय. पुढच्या हिवाळ्यात गेले.

आणि मग रुआन मॅडमच्या डोक्यात आलं, की शेवटचा भाग झिगोंगात, वस्तादांच्या अंगणात, त्या मिठाच्या जुन्या विहिरीशेजारी! दोन मित्र आपापल्या बरण्या आणणार, वस्तादांची बायको, जिला आम्ही माई म्हणतो, ती दोन्हींची चव बघणार, आणि मग दोन्ही खार वस्तादांच्या घरातल्या बरणीत एकत्र. "किती हृद्य आहे ना, सर?" हृद्य? माझं हृदय बंद पडायची वेळ! गाडीत फेईच्या कानाशी लागलो, "फेई, लेका, तुझ्यातला वाटीभर..." तर तो खेकसला, "गप रे, नंतर बघू!" दरदरून घाम फुटलेला त्याला. मला वाटलं, सकाळी खाल्लेल्या तिखट सशाचा असेल.

माई बाहेर आली. एक्क्याऐंशी वर्षांची, निळा एप्रन, हातात कोरड्या काड्या, ओली काडी बरणीत जाणं म्हणजे तिच्या लेखी खून! माझ्या बरणीतली मिरची उचलली. चावली. फेईच्या बरणीतली उचलली. चावली. कॅमेरा तिच्या नाकाला टेकलेला. आणि माई म्हणाली, "हा वेनबाईच्या ठेल्यावरचा आहे." मी मान खाली घातली. माई म्हणाली, "तो पण."

तो पण?

मी फेईकडे बघतो, फेई माझ्याकडे. "गाढवा, तुझा कधी मेला?" "अकरा वर्षं झाली. शेगडी हलवताना बरणी फुटली." "मग माझ्याकडे का नाही आलास? माझा होता की तेव्हा! दोन वर्षं होता!" आणि तो दोनशे पौंडांचा रेडा नाक ओढत म्हणतो, "मला वाटलं, देंगकडे आहे... कधीही आणता येईल. आणि तू माझ्या माशाला चिखल म्हणाला होतास." म्हणालो होतो हो. म्हणालो होतो मी.

मग दोघेही एकदम वळलो. "माई, असू दे, तुमच्याकडे आहे ना? घरच्या बरणीत?" माई खुर्चीवर बसली. म्हणाली, "मी चव ओळखली कशी, रे बाळांनो? रोज तोच खाते. ते दवाखान्यात होते तेव्हा चाळीस दिवस मी त्यांच्या उशाशी. घरी आले तर फुलं. मी रडले पण नाही. मला वाटलं, तुम्ही दोघं आहात."

तुम्हाला सांगतो, वस्तादांना जाऊन पाच वर्षं झाली होती, पण ते खरे गेले त्या दिवशी, आमच्या समोर. तीन घरं, तीन बरण्या, आणि तिघंही एकमेकांच्या भरवशावर निवांत! मी रडलो, फेईनं तर हंबरडाच फोडला, आणि रुआन मॅडम टाळ्या वाजवत पुढं, "अप्रतिम, सर! तिखट काय जबरदस्त लागलंय!" आणि दाखवलं पण तसंच. खाली अक्षरं काय? 'झिगोंगची मिरची, भले भले रडले.'

माईनं डोळे पुसले, दोन्ही खार त्या रिकाम्या बरणीत ओतले, ताजं आलं, मूठभर मिरच्या, मीठ. म्हणाली, "वेनबाईचा तर वेनबाईचा. आपण मुरवू, मग आपला होईल." वसंतात माईची लेक तिला यिबिनला घेऊन गेली, गुडघे चालेनात. बरणी इथंच. निघताना तिनं दोघांना एकेक किल्ली दिली, आणि हात धरून म्हणाली, "काठावर पाणी घालत जा. एक विसरला तर दुसरा आहेच."

आज सकाळी फेईला फोन केला. तीन महिन्यांनी. म्हटलं, "काय रे, माईच्या बरणीत पाणी घालतोयस ना?"

तर म्हणतो, "अरे... मला वाटलं, तू घालतोयस."

म्हणून ही किटली. तीन महिने, हा उन्हाळा... फुलं आलीच असणार, मला माहीत आहे, तरी निघालोय. उघडून बघेन, नाक खुपसेन, दारू ओतेन. माईला काय सांगायचं? ती यिबिनला बसून लेकीला सांगत असेल, माझी बरणी काय, दोघं आहेत की...

अहो! अहो, ती बस! ती आपलीच ना? गेली? न थांबता? अहो, एवढी दहा माणसं उभी, आणि एकानंही हात केला नाही?

काय म्हणालात?

तुम्हाला वाटलं, मी करतोय.

असू दे. सरका जरा, बसतो. ही किटली धरा... नको, राहू दे. मीच धरतो.