नरहरी साहेबांची फायबरची गाडी

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय मारोतरावजी, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते नरहरी साहेब, त्यांच्या सौभाग्यवती कमलिनीताई, मंडळाचे सेक्रेटरी श्यामराव, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, आणि पंख्याखाली जागा मिळाली नाही तरी शांत बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी देवराव. प्लँटच्या मशीन शॉपमधून रिटायर झालो, सेक्टर दोनला मुलाच्या क्वार्टरमध्ये राहतो. शिक्षण सातवी, तीही अर्धी. आधाराला माइकचा दांडा धरून उभा आहे, गैरसमज नसावा.

साहेबांविषयी चार चांगले शब्द बोला, असं श्यामरावांनी सांगितलं. साहेबांनी आवाज चढवलेला कोणी ऐकला आहे का? मी तरी नाही. पण साहेबांचा आणि माझा संबंध गाडीचा, तेव्हा मी गाडीवरच बोलतो.

ती लाल गाडी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. साहेबांनी एका जुन्या मोटारीची चेसिस आणि इंजिन आणलं, मुंबईहून फायबरची बॉडी मागवली आणि सुटे भाग जोडून ती दोन माणसांची रेसची गाडी स्वतः उभी केली. त्यांच्या बंगल्यात झाडाच्या फांद्या पडायच्या. एका रविवारी साहेब म्हणाले, "देवराव, तुमच्या अंगणात टिनाचं शेड टाकून गाडी ठेवू का काही दिवस?"

मी म्हटलं, "पाहू ना, साहेब."

आता भंडाऱ्याकडचा माणूस 'पाहू' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात काय असतं, हे या हॉलमध्ये सांगावं लागेल का? पण साहेब आपले असले तरी वाढले पुण्यात. दुसऱ्या दिवशी ते टिनं घेऊन हजर. माझ्या घरची, प्रेमला, तिची कपडे वाळवायची तार गेली, भाजीचा वाफा गेला. ती म्हणाली, "तुमी 'नाही' म्हणाले होते ना?" मी म्हटलं, "म्हणालोच होतो."

गाडी आली तशी तिची दुखणीही आली. लोखंडी गाडीत बॉडीच अर्थिंगचं, म्हणजे करंट परत नेण्याचं काम करते. फायबरमधून करंट जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला अर्थिंगची वेगळी तार ओढावी लागते. एक तार ढिली झाली की ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर लुकलुकतो. बॉडीला तडा गेला की काचेच्या धाग्यांची जाळी आणि रेझिन लावायचं, मग अंगाला अशी खाज सुटते की प्रेमला मला स्वयंपाकघरात येऊ देत नसे. प्लँटची धूळ कार्बोरेटरमध्ये जायची. गाडी इतकी खाली की स्पीडब्रेकरवर पोट घासायचं. यातलं सगळं काम साहेबांना माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. मला फक्त काळजी चांगली येत होती. पेट्रोलचा वास आला की मी भरल्या ताटावरून उठायचो. वारा सुटला की टिनाकडे पाहत बसायचो.

तुमसरला आमच्या दोन खोल्या आहेत, मुलीच्या, जयाच्या घराला लागून. रिटायर झाल्यावर तिथेच राहायचं ठरलं होतं. जया अजूनही विचारते, "बाबा, कधी येता?" पण निघायचं म्हटलं की क्लचची केबल तुटायची, आणि साहेब म्हणायचे, "एवढं झालं की जा." एवढं कधीच होत नव्हतं.

एकदा साहेब मला शेजारी बसवून निघाले आणि चरोद्याजवळ समोरून ट्रक आला. साहेबांनी गाडी बाजूला घेतली आणि एक चाक नालीत उतरलं. हलकी चेसिस, ती पिळली आणि दोन्ही दरवाजे चौकटीत घट्ट बसले. साहेब वरून, कापडी टप काढून बाहेर गेले आणि दोर शोधायला निघाले. माझे गुडघे असे, मी आत बसून राहिलो. रेल्वे कॉलनीतल्या बाया जमल्या. "अवं, म्हातारा डब्यात फसला व," असं एकीनं सांगितलं आणि पोरं गोळा झाली. बेबीताई नावाच्या एका बाईला दया आली, तिनं खिडकीतून चहा दिला.

"भाऊजी, भेव वाटते तं बसता कावून असल्या गाडीत?"

"साहेब बस म्हणतात."

"नाही म्हनता येत नाही का?"

"म्हणतो ना बाई. कोनाले आयकूच येत नाही."

हसा, माझी हरकत नाही. तेव्हा मलाही थोडं हसू आलं होतं.

साहेब रिटायर होऊन नागपूरला चालले हे कळलं तेव्हा, देवाशपथ सांगतो, मला वाईट वाटलं आणि प्रेमलानं बोचकी बांधली. दोन्ही खरं आहे. काल श्यामराव घरी आले. म्हणाले, "देवरावजी, खुशखबर हाय. कोनाले सांगू नका."

"मंग मले कावून सांगून राहिले?"

"साहेब गाडी तुमालेच देऊन राहिले. स्टेजवर, सगळ्यायसमोर."

"मले नको."

"वा. अस्संच म्हना स्टेजवर. दोनदा नको म्हना, तिसऱ्यांदा घ्या."

श्यामराव, मान खाली घालू नका, तुमचं काही चुकलं नाही. आपली रीतच ती. पंगतीत 'नको' म्हणणाऱ्याच्या ताटात आणखी एक पुरी पडते. मग ज्याला खरंच नको आहे, त्यानं कोणता शब्द वापरावा? विकून टाका, असं कोणी म्हणेल. साहेब दर दिवाळीला येऊन चक्कर मारणार आहेत, असं त्यांनी मघाशीच माझ्या कानात सांगितलं. विकलेल्या गाडीत चक्कर कशी मारणार?

साहेब, तुमच्या हातातली ती चावी मला नको. आता टाळ्या वाजवू नका, हे रीतीचं 'नको' नाही, खरं 'नको' आहे. साहेब, तुम्ही उठू नका. नको, साहेब. अध्यक्ष महाराज, तुम्ही तरी...

प्रेमला, तू कुठे आलीस वर? अजून माझं भाषण संपलं नाही. काय? घ्या म्हणतेस?

बरं. आणा, साहेब. घेतली. वाजवा टाळ्या.

प्रेमला म्हणते, कमलिनीताईंच्या ओटीची वेळ झाली. भगिनी मंडळानं हा मान तिला दिला आहे. तर मंडळी, तांदूळ झाले, नारळ झाला, खण, सुपारी, हळकुंड झालं. आणि माझ्या हातातून तिनं घेतली ती ही चावी, तीही ओटीत पडली.

साहेब, तुम्ही काही बोलू नका. सवाष्णीच्या ओटीत पडलेलं परत देत नाहीत, हे ताईंना माहीत आहे. ताई हसताहेत. त्यांनी पदर मागे घेतला नाही, हे सर्वांनी पाहावं.

परवाच्या गाडीनं आम्ही तुमसरला निघतो. मला बोलू दिलं याबद्दल मंडळाचे आणि अध्यक्षांचे उपकार मानतो. साहेबांना निरोगी आयुष्य लाभो. आणि बोलताना माझं जे काही चुकलं असेल, ताई, तेवढंही पदरात घ्या.