पातळ पेज

आम्ही शहापूरचे विणकर. माझा जल्म मागाशेजारीच झाला म्हणा की, आई सुताच्या कांड्या भरीत बसली हुती आन् तिथंच कळा सुरू झाल्या. आमच्यात बायकांनी मागावर बसायचं न्हाय, कांड्या भरायच्या, सुताला शिजवलेल्या पिठाची चिकट खळ लावायची, एवढंच बायकांचं. पाचव्या वर्सापासनं खळ ढवळत आले मी, काय सांगू तुम्हाला, झोपेतबी हात तसाच फिरायचा. चौदाव्या वर्सी लगीन झालं, तेबी गल्लीतच, हितनं तिथं.

मग मानमोडीची साथ आली. ताप यायचा, छाती भरायची, दोन दिसांत माणूस खलास. आठ दिसांत माझा मालक गेला, मागोमाग सासरा गेला, दीर तवा लहान पोर, मागावर बसणारं कुणी उरलं न्हाय, मग मी कांड्या भरू कुणासाठी? सासू म्हणली पांढऱ्या पायाची आलीस, माझं घर खाल्लंस. माहेरी गेले तर आईनं दार उघडलं न्हाय, आतनंच म्हणली पोरी हितंबी दोघं पडल्यात, जा. सतरा वर्साची हुते मी. लई वाटायचं, आपणबी जावं.

गावाभाईर शाळेत आजारी माणसं ठेवली हुती. दवंडी दिली, पाणी द्यायला, पेज करायला माणसं पायजेत, पगार न्हाय. कुणी जाईना, मी गेले. लोकं म्हणायची सेवा कराय गेली. अवो कसली सेवा, मी मरायला गेलते. साथ मलाबी लागंल आन् सुटंन, एवढाच इचार.

पैल्याच दिशी डॉक्टर म्हणले पेज कर. केली. हाताला सवय खळीची, तशीच आटवून आटवून दाट, चिकट केली. कंग्राळीचे एक म्हातारे आप्पा हुते, छाती भरलेली, शेजारच्या चटईवर त्यांची बायको, तीबी तापलेली. आप्पांना मी ती पेज भरवली आन् ती घशातच अडकली. बोट घालून काढली, कुशीवर वळवलं, पाठ चोळली, डॉक्टर पळत आले, पर आप्पा गेले. डॉक्टर वरडले, पेज केलीस का लगदा? मग म्हणले, तसाबी सांजपतोर जाणारच हुता त्यो. म्हणले खरं, पर मला ते अजून पटलेलं न्हाय. माझ्या हातानं गेला त्यो माणूस.

मी भांडं तिथंच ठेवून निघाले, तर ती म्हातारी म्हणली, पोरी कुठं निघालीस, मला दे की, जरा पातळ करून दे. बघा, नवरा बाजूला मरून पडलेला आन् माझ्याच हातची मागती! मी चुलीकडं परत गेले. पाणी घाल घाल घातलं, फडक्याची वात करून थेंब थेंब तोंडात सोडला, रडत हुते आन् पाजत हुते, चार दिस. चौथ्या दिशी ती उठून बसली. त्या चार दिसांत मरायचं माझ्या ध्यानातच आलं न्हाय, हे मला मागनं कळलं.

साथ सरली तरी मी घरी गेले न्हाय. डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवून घेतलं, सुईणीचं काम शिकवलं. तवापासनं तीस वर्सं बाळंतपणं केली, जांबोटीकडं रानातनं, चिखलातनं चालत गेले. समदी वाचली न्हाईत. कितीतरी माझ्या हातातच गेली.

आता म्हणत्यात राज्य आपलं आलं. मागल्या आठवड्यात दिराची पोर आली, शांता, सातवी झालेली, म्हणती मोठी आई, मी काय करू, घरात माग बंद, लगीन जुळंना, जगावं वाटंना. म्हणलं दवाखान्यात महिनाभर फुकट पाणी भर जा. गेली. तिसऱ्या दिशी सांजचं रडतच आली, एक लेकरू तिच्या मांडीवर गेलं हुतं. म्हणली मला न्हाय जमायचं. रडू नको असं म्हणले न्हाय मी, जेवाय वाढलं. म्हणलं शांते, तू सुखी व्हशील असं न्हाय म्हणत मी, कामाची व्हशील.

ती जेवली, माझ्याकडंच झोपली. सकाळी हाक मारली तर अंथरूण घडी केलेलं, पोर दवाखान्याला गेलती.