बिनखोकल्याची गोळी

(सांगवी, १९९६. उसातल्या विहिरीवरची मोटारीची खोली. लीलाबाई आत खाटेवर, सून माधवी ताट घेऊन दाराबाहेर.)

लीलाबाई : ताट ऱ्हाऊ दे. आधी हितं उंबऱ्यावर बस, आन् नुसतं ऐक.

माधवी : काय ऐकू?

लीलाबाई : काय ऐकू येतंय का?

माधवी : काही नाही.

लीलाबाई : तेच की! खोकला न्हाय. पाच महिनं छाती फुटंस्तवर कोरडा खोकले, आन् आज आठ दिस झालं, एक ठसका न्हाय.

माधवी : बरंच झालं की, आत्याबाई.

लीलाबाई : कशानं झालं ते इचार. बीपीची गोळी सोडली म्या. डबीतल्या संपल्या तवा बोलले न्हाय तुला. तीन आठवडं झालं. खोकला आधी बारीक झाला, मग गेलाच. बीपीची गोळी सोडली म्हून टीबी जातो व्हय गं? तू सायन्स शिकलेली, सांग.

माधवी : नाही जात.

लीलाबाई : मंग?

माधवी : तुम्हाला टीबी नव्हताच. बेडका दोनदा तपासला, दोन्ही वेळा काही निघालं नाही. पण खोकला थांबेना म्हणून हे घाबरले. त्या गोळीनंच येतो काहींना असा कोरडा खोकला. थांबवली की जातो.

लीलाबाई : आगं, मग त्या बारामतीच्या डाक्टरला ठावं न्हाय का?

माधवी : आहे की. गोळी लिहून दिली त्याच दिवशी म्हणाले, खोकला लागला तर येऊन सांगा, दुसरी देऊ.

लीलाबाई : कुनाला म्हनाले?

माधवी : मला. तुम्ही बाहेर चपला शोधत होता.

लीलाबाई : म्हंजी पयल्यापासनं तुला ठावं हाय.

माधवी : हो.

लीलाबाई : तुझ्या नवऱ्यानं, माझ्या दादानं, माझी खाट ट्रॅक्टरात घालून हितं आणली, तवा तू दारातच हुतीस.

माधवी : उशी मीच आणून दिली मागून.

लीलाबाई : सुकन्या माझ्या मांडीबिगर निजत न्हवती. आता बांधावरनं मला बघती आन् तुझ्या पदरात शिरती. ‘खोक आजी’ म्हनती मला.

माधवी : लहान आहे. जे शिकवलं ते बोलते.

लीलाबाई : कशापायी गं? म्या काय घोडं मारलं तुझं?

माधवी : निमगाव केतकीच्या हायस्कूलची ऑर्डर आली होती. पोस्टमन तुमच्या हातात देऊन गेला. तुम्ही ती बंबात घातलीत.

लीलाबाई : त्या कागदाचं? पाच वरसं झाली त्याला!

माधवी : पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं. मला महिन्यानं कळलं, तेही पोस्टमननं ‘बाई, रुजू नाही झालात?’ म्हणून विचारलं तेव्हा. तुम्ही शेजारी शेंगा फोडत बसला होता. हसलात.

लीलाबाई : सून रोज यस्टीनं निमगावला जानार, आन् भाकरी कोन थापनार? मी?

माधवी : तुम्ही मला एक गोष्ट सांगितली नाहीत. मीही एकच सांगितली नाही.

लीलाबाई : आगं, जीव गेला असता माझा!

माधवी : त्या खोकल्यानं जीव जात नाही. नर्सबाई महिन्याला येऊन बघत होत्या. एकशे तीस, दर वेळी. फार छान चाललं होतं तुमचं.

लीलाबाई : दादा कारखान्यावरनं येऊ दे आज. सगळं सांगते.

माधवी : सांगा. मीही सांगेन, तीन आठवडे गोळी घेतली नाही, आता काहीबाही बोलतायत. मामंजी असंच बोलायचे ना, गोळ्या सोडल्यावर?

लीलाबाई : त्यांचं नाव काढू नगंस.

माधवी : दोन वर्षं अर्धं अंग लुळं होतं. लाळ मीच पुसत होते. डोकं दुखतंय का तुमचं?

लीलाबाई : ...मागनं. सकाळधरनं. काल नाकातनं रगतबी आलं.

माधवी : मग गोळी लागणारच. आता जन्मभर.

लीलाबाई : दुसरी आन. बिनखोकल्याची.

माधवी : आहेत ना. एक लघवीची, ती स्वस्त. दहा वेळा उसात जावं लागेल. एकीनं नाडी मंद होते, हातपाय गार पडतात, चार पावलांत दम. एक महाग आहे, तिनं पाय सुजतात. बीपी सगळ्याच उतरवतात, उन्नीसबीस. आपण कुठलं दुखणं पत्करायचं, एवढंच बघायचं.

लीलाबाई : पाय सुजू देत. कुठं चालायचंय मला? ती दे.

माधवी : आणलीय. काल बारामतीला गेले होते. तुमची डबी कधी संपली ते माहीत होतं मला.

लीलाबाई : ठावं हुतं? आन् तीन आठवडं गप ऱ्हायलीस?

माधवी : तुम्ही कधी मागताय ते बघत होते. ह्या घ्या दोन पुड्या. एकीत नवी गोळी, एकीत जुनी.

लीलाबाई : पाकिटं कुठं हाईत? नर्सबाईकडनं वाचून घिईन.

माधवी : पाकिटं चुलीत घातली.

लीलाबाई : दोन्ही सारख्याच दिसत्यात गं. पांढऱ्या.

माधवी : बारीक, गोल. हो, सारख्याच.

लीलाबाई : माधवी, पाया पडते तुझ्या. घरात घे मला.

माधवी : पाया कशाला पडता? महिनाभर खोकला नको, मग आईला घरात आणू, असं ह्यांनीच ठरवलंय. आ करा.

लीलाबाई : कंची हाय ही?

माधवी : पाय सुजतात की खोकला लागतो, पंधरा दिवसांत कळेल. नको असेल तर राहू दे. मला भाकरी करायच्यात.

लीलाबाई : ...पानी दे.