यंदाच्या मार्चमधली जांभळी साडी

—नाही, आधी बूट काढा. गादीवर लॅपटॉप चालेल, बूट चालणार नाहीत. तिकडे खराडीला तुमच्या ऑफिसात चालत असतील, ही कसबा पेठ आहे. आणि मॅडम-मॅडम करू नका, एकवीस वर्षं मला इथे सगळे मंदाकिनीताई म्हणतात, मालक होते तेव्हाही आणि त्यांनी दुकान कंपनीला दिलं तेव्हाही. तुमचं नाव आमोद ना? बरं. तर आमोद, मघापासून बघतेय, तुम्ही आरसा मोजलात, फळ्या मोजल्यात, पंखे मोजलेत, या गादीचासुद्धा फोटो काढलात — बसला मात्र एकदाही नाहीत. गादीची किंमत किती धरलीत? शून्य? का? कोणी विकत घेणार नाही म्हणून? अहो, पण आम्ही ती विकतोय कुठे! बायका बसतात तिच्यावर. चौघी बसल्या की दोन तास उठत नाहीत, आणि उठतात तेव्हा हातात पिशवी असते. ते लिहायला जागा नाही म्हणता? मग असू दे शून्य.

काय म्हणालात ते, वाजवी मूल्य — नको, परत समजावू नका, मॅट्रिक झालेय मी, एकदा सांगितलेलं कळतं. ज्याला आपल्याशी काही देणंघेणं नाही, घाई नाही, भीड नाही, असा माणूस आजच्या बाजारात ही वस्तू जेवढ्याला घेईल ती तिची किंमत. आपण केवढ्याला आणली हे विचारायचं नाही. आपल्याला ती किती हवीय, तेही नाही. अगदी तशीच वस्तू बाजारात असेल तर तिचा भाव धरायचा, नसेल तर तिच्यासारखीचा, आणि तीही नसेल तर अंदाज. बरोबर? मग अंदाजच करायचा तर त्याला माणूस खराडीहून कशाला आणायचा? रोज साडीला हात लावणारी बाई इथे बसलीय, तिला विचारावं. पण नाही, आमची माया असते ना मालावर — आमचा अंदाज चुकतो. तुमचा नाही चुकत. पहिल्यांदा पैठणी कधी हातात घेतलीत हो तुम्ही? — आज सकाळी. छान.

आता आमच्या कंपनीलाच आणखी मोठी कंपनी विकत घेतेय, घेऊ दे. पण कुठली शाखा ठेवायची आणि कुठली नाही, ते तुमच्या या कागदावर ठरणार, हे कोणी तोंडाने सांगत नाही. मला माहितेय. दोन वर्षांपूर्वी कोथरूडच्या शाखेत असेच एक आले होते, आमच्याच कंपनीने पाठवलेले. फार गोड बोलायचे म्हणे. अर्धा माल दीड वर्षापेक्षा जुना निघाला, त्याची किंमत निम्म्यावर आणली, आणि तीन महिन्यांत शटर खाली. पूर्णिमा होती तिथे, सतरा वर्षं. आता तुमच्या खराडीतच कुठल्याशा कँटीनमध्ये कुपनं फाडते. तुम्ही बघितलंही असेल तिला. — नसेल. कुपन देणाऱ्याकडे कोण बघतं! इथे आम्ही तिघी आहोत. मी, उत्कर्षा, आणि मागे मशीनवर फॉल-पिको करते ती जरीना. तेवढं एक डोक्यात ठेवा आणि मग बटणं दाबा.

काय? माल उघडून बघायचा नाही? म्हणजे स्टिकरवर आवकेचा महिना असतो, तो यंत्राने वाचायचा, की झालं? अहो, दुधाची पिशवी आहे का ती तारीख वाचायला! — स्टिकर बघून कधी साडी कळते? थांबा. थांबा, ही जांभळी घ्या. घाबरू नका, चावत नाही. रेशीम एकाच घडीत पडून राहिलं ना, की घडीवर चिरतं. म्हणून दर दिवाळीला आणि दर अक्षय्य तृतीयेला मी प्रत्येक साडीची घडी बदलते, चार बोटं सरकवून. कोणी सांगितलं नाही, पगारात तर नाहीच नाही. पण जुन्या घडीची रेघ जात नाही पूर्ण. खिडकीकडे धरा — अशी नाही, तिरकी. दिसली? ही एक. ही दुसरी. मोजा, मोजा, मोजणारे ना तुम्ही! अकरा. वर्षाला दोन, म्हणजे साडेपाच वर्षं. जरीनाच्या लेकीचं, अलिझाचं, लग्न व्हायचं होतं तेव्हा, हा गठ्ठा मी स्वतः उतरवून घेतला होता. असं वय काढतात मालाचं! आता तुमचं यंत्र काय सांगतंय? वाचा की, मोठ्याने वाचा.

यंदाचा मार्च.

हो. म्हणजे — यंत्र बरोबरच असेल. मीच दुसरी साडी समजले. या जांभळ्या सगळ्या सारख्याच दिसतात, आणि रेघांचं काय, हवेनेसुद्धा पडतात — ती हिरवी कशाला उघडताय? ठेवा ती. आमोद, ठेवा खाली. मघाशी हात लावायला घाबरत होता, आता बरी घडी उघडता येते! किती रेघा आल्या? — सात. मला नका सांगू, मीच घातल्यात.

हो, केलं. दोनशे दहा साड्या गोदामात परत गेल्या असं दाखवलं आणि आठवड्याने नव्या आल्या असं. फळीवरून एक हलली नाही. जुनं स्टिकर नखाने काढायचं आणि नवं लावायचं, आठ दुपारी गेल्या त्यात. कोणाच्या रुपयाला हात लावला नाही मी. तरी खोटं ते खोटंच, ते मला खराडीहून येऊन कोणी शिकवायला नको. घडी बदलताना स्टिकर दिसायचं ना, तेव्हा तोंड फिरवत होते. पण कोथरूडचं शटर मी डोळ्यांनी बघितलंय. तुम्ही बघितलंत?

लिहा. जरीना मागे मशीनवर असते, तिला यातलं काही माहीत नाही. उत्कर्षा दुपारी जेवायला घरी जाते. हे दोन्ही लिहा, आणि अंदाज म्हणून नाही, पक्कं म्हणून लिहा. — आजच पाठवणार? आजच. मग यंदा दिवाळीची घडी माझ्या हातची नाही म्हणायची. आणि असं तोंड करून बघू नका माझ्याकडे, मघाचं तोंड बरं होतं तुमचं.

—या, या ताई, आत या. लग्नाचं बघायचंय का? कोणाचं, मुलीचं? वा! नाही हो, हे गिऱ्हाईक नाहीत. हे निघालेत.